वैजनाथ-महिपाळगडचा ट्रेक: निरोप कुठं अडकला

ट्रेकवर मुलांना आग्यामाश्या चावल्या, त्याचा कॉलेजला जो रिपोर्ट दिलाय तो दोन पानांचा आहे आणि त्यात 'आवश्यक ती खबरदारी घेण्यात आली होती' हे वाक्य तीनदा आलंय. तो मीच लिहिलाय, म्हणजे लिहून घेतलाय म्हणा. हा दुसरा, जो मला लिहायचा होता तो.

मी बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंग रिजेक्ट झालं की आमच्याकडं व्हाय-व्हाय करतात, म्हणजे का झालं, मग ते का झालं, असं पाच वेळा का का विचारत खाली जायचं. पहिल्या उत्तरावर थांबलं की साहेब कागद परत तोंडावर मारतात, कारण पहिलं उत्तर नेहमी 'ऑपरेटरची चूक' असतं आणि त्यानं उद्याचं कास्टिंग काही सुधारत नाही. रविवारी मी ट्रेकला जातो, पंधराएक वर्षं झाली, त्यामुळं माझ्या जुन्या कॉलेजनं मुलांची ट्रीप काढली की मला आणि माझ्या मित्राला व्हॉलंटियर म्हणून बोलावतात. पैसे नसतात, चहा-नाश्ता असतो, आणि सर लोक 'अहो तुम्ही आहात म्हणून निश्चिंत' असं म्हणतात. त्या 'निश्चिंत'वर पुढं येतोच.

फेब्रुवारीतला रविवार. ४१ माणसं. ३६ मुलं-मुली, दोन सर, एक मॅडम, आम्ही दोघं. प्लॅन एकदम साधा, बेळगावातल्या कुठल्याही ट्रेकवाल्याला झोपेत विचारलं तरी सांगेल असा: हिंडलगा, सुळगा, बाची करत शिनोळी, तिथनं देवरवाडी, वैजनाथाचं दर्शन, वर महिपाळगड, गडावर जेवण आणि उतरताना डांबरी रस्ता न धरता झाडीतली पायवाट. गडावर गावच आहे, माणसं राहतात, गाई-म्हशी आहेत, कातळात खोदलेली मोठी विहीर आहे, त्यामुळं 'जंगलात चाललोय' असं कुणाला वाटतच नाही. हा पहिला घोटाळा, ओळखीचा डोंगर. दक्षिणेला खानापूर साईडला, भीमगड अभयारण्याच्या बाजूला जायचं म्हटलं की वनखात्याची परवानगी, पावसाळ्यात तर धबधब्यांवर बंदी, म्हणून बेळगावची कॉलेजं चंदगडकडच्या गडांना पसंती देतात. इकडं कोण विचारत नाही. कोण विचारत नाही म्हणजे सोपं आहे असा अर्थ आपण आपल्या मनानं काढतो.

कोणत्या बाजूनं उतरलो ती पायवाट मी मुद्दाम नीट सांगणार नाही, कारण सांगितलं की पुढच्या रविवारी तिथं रील करणारे जाऊन उभे राहतील.

सकाळी सहाची वेळ दिलेली, निघालो सात दहाला, यात काही नवीन नाही. दर्शन, पोहे, चढण, सगळं झकास झालं. साडेअकराच्या सुमारास उतरायला लागलो तेव्हा मी आणि माझा मित्र दोघंही सगळ्यात पुढं होतो. का, तर वाट दाखवायला. फर्स्ट एडची बॅग माझ्या पाठीवर. म्हणजे ज्यांना डोंगर कळतो ती दोन माणसं आणि औषधं, सगळं गाडीच्या इंजिनात, आणि मागच्या डब्यात एक तरुण सर, स्पोर्ट्सचे, दणकट माणूस, पण आयुष्यातला दुसरा ट्रेक. उतरताना लाईन लांबतेच. कुणाची चप्पल तुटते, कुणाला फोटो पाहिजे असतो. थोड्याच वेळात आमचे तीन तुकडे झाले: पुढं १३, मधे मॅडमबरोबर ११, शेवटी १७.

झाडी सुरू व्हायच्या आधी एक मामा गुरं राखत बसले होते, खांद्यावर घोंगडं. मला बघून म्हणाले, "कुठं निगालासा? खालच्या वाटंनं जाऊ नका, कड्यात म्हवाळ बसलंय, आग्या. वरच्या अंगानं जावा, आन् गप जावा, वास-बीस मारू नका."

मी थांबलो का? नाही. मी मागच्या मुलाला म्हटलं, "मागे पास करा, खाली आग्यामोहोळ आहे, वरच्या वाटेनं यायचं, आवाज नको, डिओ मारू नका." आणि चालायला लागलो. पंधरा वर्षं हेच करतोय, मागे पास करा. ते पोचतं असं मी धरूनच चाललो होतो.

नंतर कॉलेजात बसलो तेव्हा मी एक काम केलं, प्रत्येकाला एकेकटं विचारलं की तुला काय निरोप आला होता आणि तू पुढं काय सांगितलास. लहानपणी कानगोष्टी खेळायचो ना, डिट्टो. पहिल्या मुलानं सांगितलं, खाली मोहोळ आहे वरून या. तिसऱ्यापर्यंत ते 'मोहोळ आहे, गप्प चला' झालं, वरची वाट गळाली. सातव्याला 'सर म्हणतात गप्प चला'. एका मुलीनं तर 'लवकर चला, जेवण खाली आहे' असं ऐकलं, जेवण तर आम्ही वर गडावर जेवून आलो होतो, तिलाही ते विचित्र वाटलं पण तिनं तसंच पुढं ढकललं. तेराव्यानंतर निरोप मेला, कारण आमच्या शेवटच्या माणसाच्या मागं शंभर-दीडशे पावलं कुणीच नव्हतं. मॅडमचा ग्रुप वरच्या वाटेनं आला तो निरोपामुळं नाही, आमची शेवटची मुलगी लाल जॅकेटमध्ये वर वळताना त्यांना दिसली म्हणून. १७ जण फाट्यावर आले तेव्हा दिसायला कुणीच नव्हतं, वरची वाट बारीक आणि खालची चांगली रुंद, गुरांनी मळलेली. शहाणा माणूस रुंद वाटेनं जाणार. ते गेले.

आग्यामोहोळ म्हणजे आपल्या घराच्या वळचणीला असतात त्या सातेरी माश्या नव्हेत. आकारानं मोठ्या, एकच पोळं, उघड्यावर, कड्याच्या पोटाला किंवा उंच झाडाला, तीन-साडेतीन फूट रुंद सुद्धा होतं आणि त्यावर हजारो माश्या एकमेकींना चिकटून पडदा करून बसतात. धोका वाटला की पोट वर उचलून अंग हलवतात, एक सुरू करते मग शेजारची, त्यामुळं सगळ्या पोळ्यावरनं लाट गेल्यासारखी दिसते. शेवटच्या ग्रुपमधली जांबोटी साईडची एक मुलगी आहे, तिनं ती लाट बघितली. तिच्या शब्दांत, "सर, काळं घोंगडं टांगलेलं वाटलं, आणि ते घोंगडं शहारलं." तिनं तोंड उघडायच्या आत पहिली माशी एका मुलाच्या केसात शिरली.

तेव्हा घड्याळात ११:५२. हा टाईम पक्का आहे, कारण एकजण व्हिडिओ काढत होता.

सरांनी ओरडून सांगितलं, खाली बसा, हलू नका, तोंड झाका. व्हॉट्सअ‍ॅपवर कधीतरी वाचलेलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या क्षणी माणूस जे डोक्यात सगळ्यात वर असतं तेच बोलतो, आणि ते डोक्यात वर काय असावं हे ठरवायचं काम आमचं होतं, सकाळी बसमध्ये, पाच मिनिटांचं काम. मुलं बसली, ओढण्या-जॅकेटं डोक्यावर घेतली, आणि कड्याच्या बरोबर खाली, पोळ्यापासून वीसेक मीटरवर बसून राहिली. मधमाशी डंख मारते तेव्हा काटा कातडीत अडकतो, विषाच्या पिशवीसकट मागं राहतो, आणि त्याबरोबर एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि तो वास बाकीच्यांना सांगतो की इथं मारा. म्हणजे बघा, त्यांचा निरोप शंभर टक्के पोचतो, एक अक्षर गळत नाही.

मिनिटभरानं तीच जांबोटीची मुलगी उठली, "बसू नका, मरशीला, पळा, झुडपातनं पळा," म्हणून ओरडली आणि शेजारणीचा हात धरून सरळ उताराला गच्च झाडीत घुसली. बाकीचे मागनं. हेच बरोबर. पोळ्यापासून लांब जायचं, थांबायचं नाही, हात उडवायचे नाहीत, डोकं-तोंड झाकून जमेल तेवढ्या जोरात, आणि झाडी दाट असेल तर उत्तम, कारण माशीला नेम धरता येत नाही. पाण्यात उडी मारायची नाही, वर येईपर्यंत त्या घिरट्या घालत थांबतात. आणि या माश्या पन्नास पावलांवर सोडून देत नाहीत, कित्येकशे मीटर मागं लागतात. तिच्या घरी काजूची बाग आहे आणि मोहोळ काढणारे लोक तिनं लहानपणापासून बघितलेत. ३६ मुलांत हे माहीत असलेली एक मुलगी होती आणि आम्ही तिला सकाळी विचारलं होतं ते फक्त 'व्हेज का नॉनव्हेज'.

ओरडा ऐकून आम्ही परत फिरलो. माझ्या मित्राला जाताना सहा-सात चावल्या. शेवटचे १७, मधल्या ग्रुपमधले मदतीला धावलेले दोघं आणि तो, एकूण २० जणांना डंख. सव्वाबाराला सगळे एका मोकळ्या जागेत जमले, मोजले, ४१ भरले, तेव्हा मी पहिल्यांदा श्वास घेतला, आणि तिथंच माझी दुसरी चूक झाली.

एक मुलगा होता, व्हिडिओ काढणाराच, त्याला इतक्या चावल्या होत्या की चेहरा ओळखू येत नव्हता. नंतर हॉस्पिटलमध्ये काटे काढताना नर्सनं साठच्या पुढं मोजायचं सोडलं. साहजिकच सगळे त्याच्याभोवती. मी पण. एटीएम कार्डानं काटे खरवडत होतो, कुणीतरी नखानं काढत होतं, त्यावरून तिथंही वाद, की नखानं दाबलं की विष आत जातं. तर तसं काही नाही, काटा कसा काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं, पिशवी आपोआप पंपासारखी विष सोडत असते. तो मुलगा रडत होता, शिव्या देत होता, पाणी मागत होता. म्हणजे श्वास चालू होता, शुद्ध होती.

आणि दहा फुटांवर बी.कॉम. सेकंड इयरचा एक मुलगा दगडाला टेकून गप्प बसला होता, त्याला चावल्या होत्या चार. फक्त चार. त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं कारण तो काही बोलत नव्हता, आणि तो बोलत नव्हता कारण त्याचा आवाज बसला होता. मॅडमनी बघितलं, तो तळहात दगडावर घासत होता. "काय होतंय रे?" तर घोगऱ्या आवाजात "खाज येतेय मॅडम, आणि कसंतरी होतंय." मग ओकला. ओठ जाड झालेले, अंगभर गांधी उठलेल्या. मी त्याला सेट्रिझिन दिली आणि म्हटलं ऊठ, हळूहळू चालायला लाग, खाली गाडी आहे. तो उठला आणि तिथंच कोसळला.

या दोन गोष्टी इतक्या चुकीच्या होत्या की डॉक्टरांनी नंतर मला बाजूला घेऊन समजावलं, ते इथं लिहितो. साठ डंख म्हणजे विषाचा डोस, तो हळूहळू काम करतो. चार डंखांवर कोसळणं ही अ‍ॅलर्जी, ती मिनिटांत काम करते, बीपी पडतं, घसा सुजतो. अशा माणसाला उभं करायचं नाही, चालवायचं तर नाहीच, आडवं करून पाय वर ठेवायचे, उभं केलं की उरलंसुरलं रक्त पायात जातं. श्वास लागत असेल तर टेकवून बसवायचं, पण पाय लांब. ओकत असेल तर कुशीवर. आणि सेट्रिझिननं खाज कमी होते, जीव वाचत नाही. औषध एकच, अ‍ॅड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ते लवकर मिळालं पाहिजे, बाकी सगळं नंतर.

आता मुलांचा फॉर्म. कॉलेजकडं ३६ फॉर्म होते, पालकांच्या सहीचे. २०१४ ला हिमाचलमध्ये बियास नदीत हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजची २४ मुलं वाहून गेली, तेव्हापासून प्रत्येक कॉलेज संमतीपत्राशिवाय गेटबाहेर पाय टाकत नाही, चांगलंच आहे, पण 'काही झाल्यास कॉलेज जबाबदार राहणार नाही' हे वाक्य ठळक आणि तब्येतीची एक ओळ बारीक. त्या ओळीत छापलं होतं, 'औषधांची अ‍ॅलर्जी आहे का?' या मुलानं खरं उत्तर दिलं होतं: नाही. आठवीत असताना गांधीलमाशी चावून तोंड सुजून रात्रभर दवाखान्यात होता. पण ते औषध नव्हतं ना. फॉर्मनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

मग फोन. रेंजच्या दोन काड्या होत्या. मित्रानं १०८ लावला, कर्नाटकात लागला, कन्नडमध्ये बोलणं सुरू झालं, त्याला कन्नड येतं म्हणून बरं. गाव कुठलं? देवरवाडी. तालुका? चंदगड. पलीकडच्या बाईंना तो तालुका सापडेना, जिल्हा बेळगावी का म्हणून विचारलं, हा म्हणाला नाही, कोल्हापूर. मग त्या म्हणाल्या सर, ते महाराष्ट्रात येतं, तुम्ही तिकडच्या १०८ ला फोन करा. आता तिकडचा नंबर पण १०८ च आहे. फोन तोच, टॉवर तोच. त्यानं परत लावला, परत कन्नडमध्ये. पाच-सहा मिनिटं गेली यात. त्या बाईंची चूक नाही, त्यांच्या स्क्रीनवर जे गाव नाही तिथं त्या गाडी कशी पाठवणार.

मला याचं जास्त लागलं. आपण बेळगावची माणसं. १९५६ पासून ही सीमारेषा आमच्या घरात जेवायला बसलेली आहे, आजोबांपासून ऐकतोय, एक नोव्हेंबरला काळ्या फिती लावतोय. बाचीच्या पुढं गेलं की महाराष्ट्र, हे शाळेतलं पोर सांगेल. आणि त्या दिवसाच्या प्लॅनमध्ये ती रेषा कुठंच नव्हती. गाडी केए २२, मुलं बेळगावची, नंबर बेळगावचे, हॉस्पिटल बेळगावचं, फक्त डोंगर पलीकडचा. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

कोसळलेल्या मुलाला खाली आणलं ते घोंगड्यात. मामा आवाज ऐकून गुरं तिथंच सोडून आले होते, घोंगडं पसरलं, चार पोरांनी चार टोकं धरली. डांबरीवर गावातल्या एकाचा पिकअप. वाटेत एका छोट्या खाजगी दवाखान्यात रविवार असून डॉक्टर होते, ते नशीब. त्यांनी घोंगडं उघडून बघितलं, एक शब्द न बोलता अँप्युल फोडली, अर्धा मिली मांडीत. तेव्हा १२:५५, म्हणजे डंखानंतर तासाभरानं. मी त्याच्या डोक्याशी होतो. पाच मिनिटांनी परत एक दिलं. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "माझी बॅग?"

डॉक्टर म्हणाले मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि रात्रभर ठेवा, बरं वाटलं म्हणून घरी नेऊ नका, हे काही तासांनी उलटून परत येऊ शकतं. बेळगावात आणलं, तिथं काउंटरवर प्रश्न, पोलीस केसची नोंद कुठली करायची, घटना महाराष्ट्रातली पेशंट कर्नाटकचा. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण उपचार थांबवले नाहीत, आत सलाईन चालू होतं आणि बाहेर आम्ही फॉर्मवर भांडत होतो. त्याचे वडील आले, अनगोळहून स्कूटरवर, हेल्मेट काढायचं विसरले होते, तसेच आयसीयूच्या काचेला डोकं लावून उभे. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

साठ डंखवाला मुलगा त्याच संध्याकाळी इंजेक्शन घेऊन, हसत, सुजलेल्या तोंडाचे सेल्फी ग्रुपवर टाकत घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या आईचा मला फोन, लघवी काळ्या चहासारखी होतेय. इतक्या डंखांनी स्नायू आणि रक्तातल्या पेशी फुटतात आणि तो कचरा किडनीत जाऊन बसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अ‍ॅडमिट केलं, क्रिएटिनिन वाढलेलं, पाच दिवस सलाईन, डायलिसिसची वेळ आली नाही. म्हणजे ज्याच्याकडं सगळ्यांचं लक्ष होतं त्याला आम्ही लवकर सोडला, आणि ज्याला आधी बघायला हवं होतं तो दगडाला टेकून बसला होता. आता दोघंही ठीक आहेत, लघवीवाल्याला मित्र 'चहा' म्हणून हाक मारतात.

कॉलेजात तीन मीटिंगा झाल्या. तिन्हीत एकच विषय: माश्या उठवल्या कुणी. एक पार्टी म्हणे ड्रोन, एका मुलानं आणला होता आणि पाच मिनिटं उडवला होता. दुसरी पार्टी म्हणे डिओ, कुणीतरी फाट्याजवळ फसफस मारला, वास सगळ्यांना आला होता, पण मारला कुणी हे कुणालाच आठवत नव्हतं. एक सर म्हणाले दगड मारला असणार, पोरं मारतातच. एकानं मधुबाजाचं नाव काढलं, म्हणजे तो पोळ्यावर झडप घालणारा शिकारी पक्षी, त्यानं आधीच माश्या चिडवल्या असतील. सगळंच शक्य आहे. मी तिसऱ्या मीटिंगमध्ये उठून म्हटलं की हे फाउंड्रीत 'ऑपरेटरची चूक' लिहिण्यासारखं आहे. ड्रोनवाला सापडला, त्याला सस्पेंड केला, पुढं काय? पुढच्या वर्षी दुसरा डिओ असेल. ते १७ जण त्या कड्याखाली का होते? फाट्यावर चुकले म्हणून. का चुकले? निरोप आला नाही. का आला नाही? मी तोंडी सोडून दिला. का सोडून दिला? थांबलो असतो तर उशीर झाला असता. उशीर का झाला असता? आधीच सव्वा तास उशीर होता आणि कुणालाच 'आता परत फिरूया' म्हणायचा अधिकार नव्हता, कारण बस पाचला परत द्यायची होती. पाचवा का बसच्या भाड्यावर जाऊन थांबला. प्राचार्य हसले, मला वाटतं चेष्टा करतोय असं वाटलं त्यांना.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, संस्थांनी नोंदणी करायची वगैरे, आणि कॉलेजच्या एक दिवसाच्या ट्रीपला कुणी तेवढं करत नाही, आम्हीही केलं नव्हतं. एका सरांचं मत पडलं की आता ट्रेकच बंद. मला ते पटत नाही. बंद केलं की मुलं आपली-आपली बाईकवर जातील, फॉर्मशिवाय आणि मॅडमशिवाय. त्या दिवशी तळहात घासणारा मुलगा मॅडमनी बघितला, आमच्यापैकी कुणी नाही.

बदललं काय, तर माझ्यापुरतं सांगतो. पुढं चालणं मी सोडलं. आता मी शेवटी असतो, बॅगेसकट, आणि माझ्या मागं कुणीही नसतं. पुढं वाट माहीत असलेला कुणीही चालेल, मुलगा पण चालेल. फाटा आला की एकजण तिथं उभा राहणार, मी येईपर्यंत हलायचं नाही, मी आलो की तो सुटला. महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर 'पास करा' नाही, शिट्टी, सगळे थांबणार, सगळे गोळा होणार आणि एकानंच सगळ्यांना तोंडावर सांगायचं, आणि एका पोरानं ते परत म्हणून दाखवायचं. याला दहा मिनिटं जातात. जाऊ देत. फॉर्मची ओळ बदलली: 'कधी काही चावून, खाऊन किंवा औषधानं अंग सुजलं आहे का, दम लागला आहे का, दवाखान्यात जावं लागलं आहे का, केव्हा?' पहिल्याच बॅचला पाच जणांनी लिहिलं, त्यातल्या दोघांचं घरच्यांनाही माहीत नव्हतं. आणि एक कार्ड, प्रत्येकाच्या खिशात, त्यावर १०८ च्या खाली पायथ्याच्या गावच्या पोलीस पाटलाचा नंबर, सरकारी दवाखान्याचा थेट नंबर आणि गावातल्या एका गाडीवाल्याचा. डोंगर कुठल्या राज्यात हे पहिल्या ओळीत. अ‍ॅड्रिनलिन बॅगेत ठेवायचं का यावर आमच्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलणं चाललंय, ते म्हणतात द्यायला शिकल्याशिवाय नाही, बरोबर आहे, आधी शिकूया.

मार्चच्या शेवटी मी आणि मित्र मामांना घोंगडं परत द्यायला गेलो, धुऊन नेलं होतं, आणि कुंद्याचा डबा. मामांनी घोंगडं वास घेऊन बघितलं, म्हणाले, "साबण जास्ती झालाय." मग आतनं सिमेंटची एक पिशवी आणली. पोरांनी पळताना टाकलेलं सगळं त्यांनी नंतर एका संध्याकाळी, माश्या निजल्यावर, जाऊन गोळा केलं होतं. तीन बाटल्या, एक बूट, दोन टोप्या, एक ओढणी, पॉवर बँक. आणि एक डिओची बाटली, निळी, अर्धी भरलेली.

कॉलेजात नोटीस बोर्डाखाली टेबलावर सगळं मांडलं. बूट गेला, टोप्या गेल्या, ओढणी गेली, पॉवर बँकेवर तर दोघांनी हक्क सांगितला. डिओ स्पोर्ट्स रूमच्या कपाटात आहे, अजून कुणी न्यायला आलेलं नाही.